राऊटरचं पान कधी निळं, कधी पांढरं! नेमकं माझं कोणतं? (मानेवाडा, नागपूर)

संत्राबर्फी | शुक्रवार, सकाळी ८.१२
नमस्कार मंडळी. डोकं पार पिकलं म्हणून इथं लिहून राहिली. मानेवाड्याला दुसऱ्या माळ्यावर भाड्यानं राहतो आम्ही. मागच्या वर्षी फायबरचं नेट घेतलं, तेव्हा बसवायला आलेल्या पोरानं वायफायचा पासवर्ड काय ठेवला, तर माझाच मोबाइल नंबर. तेव्हा सोयीचं वाटलं. पण गेटवर शिकवणीचा बोर्ड आहे माझा आणि त्यावर हाच नंबर आहे ठळक अक्षरात, म्हणजे मी वायफायचा पासवर्डच रंगवून टांगून ठेवला की हो!
तर तो बदलायचा होता. १९२.१६८.१.१ टाक म्हणाले कोणी, टाकलं. डब्याखालच्या स्टिकरवरचा लांबलचक पासवर्ड काही लागला नाही, मग सहज अॅडमिन-अॅडमिन टाकून पाहिलं तर उघडलं. वायफायचं नाव बदललं, पासवर्ड बदलला, सेव्ह केलं. आता फोनमध्ये नवीन नाव दिसते आणि जुनंही तसंच दिसते! आणि आज सकाळी परत तेच टाकलं तर काल निळं पान होतं ते आज पांढरं, आणि अॅडमिन-अॅडमिन चालेना. संध्याकाळी सहाला दहावीची सुट्टीतली बॅच असते ऑनलाइन, प्रमेयाच्या मधातच नेट जाते, दोन मिनिटांनी येते, परत जाते. कंपनीत तक्रार केली तर न पाहताच 'निवारण झाले' असा मेसेज आला. काय करू?

तर्री_पोहे | ८.३१
ताई सोपं आहे, मागं बारीक छिद्र असते त्यात पिन घाला आन तीस सेकंद दाबून धरा. सगळं नव्यासारखं होऊन जाते. मी तर महिन्यातून एकदा करतो.

वऱ्हाडी_वायर | ८.५५
अबे ए तर्री, कायले सांगून राहिला बे कोणालेबी रीसेट मारायले! तुझा स्वतःचा दुकानातून आणलेला राऊटर असन, त्यात गमवायसारखं काही नसन. कंपनीच्या डब्यात त्यायच्या सेटिंग भरलेल्या असतात, यूजर आयडी, व्हीलॅन म्हणजे त्यायच्या तारेतल्या तुमच्या रस्त्याचा नंबर, सगळं. रीसेट मारला की तेही पुसून जाते, मग वायफाय दिसते पण नेट शून्य.
ताई, पिनले हात लावू नका. आधी एक सांगा, घरात डबे किती आहेत?

संत्राबर्फी | ९.२०
दोन आहेत. समोरच्या खोलीत कंपनीचा पांढरा, त्याच्यात ती बारीक काचेची वायर येते. मागच्या खोलीत, जिथं मी शिकवते, तिथं आधीच्या केबलवाल्याच्या वेळचा काळा राऊटर आहे. पांढऱ्यापासून त्याच्यापर्यंत एक लांब वायर ओढली आहे भाच्यानं. लॅपटॉप त्या काळ्याला वायरनंच जोडला आहे.

वऱ्हाडी_वायर | ९.२८
सापडलं ना राजा! काळ्यात ती लांब वायर कोणत्या भोकात आहे? वेगळ्या रंगाच्या एकट्या भोकात का बाकीच्या चारांपैकी एकात?

संत्राबर्फी | ९.४१
चारांपैकी एकात. एकट्या भोकाची क्लिप तुटली आहे, वायर निघून निघून येते म्हणून भाच्यानं बाजूच्यात घातली.

वऱ्हाडी_वायर | १०.०५
मग आता नीट वाचा, तुमचे दोन्ही दुखणे एकच आहे.
१९२.१६८ पासून सुरू होणारे पत्ते घरगुती वापरासाठी राखून ठेवले आहेत, १९९६ पासून तसा नियमच आहे, म्हणून मानेवाड्यातल्या तुमच्या घरीबी १९२.१६८.१.१ आन जरीपटक्यातल्या माझ्या घरीबी तेच. प्रत्येक घरात 'आई' म्हणून हाक मारली की आपापलीच आई येते ना, तसं. पण तुमच्या घरात दोन आया होऊन राहिल्या! पांढऱ्याचा पत्ता १९२.१६८.१.१ आन काळ्याचाबी तोच. लॅपटॉप वायरीवर ओरडतो 'अरे १९२.१६८.१.१ कोण आहे', तर दोघंही 'मी, मी' म्हणतात. ज्याचं उत्तर धरलं त्याचं पान उघडते. निळं पान काळ्याचं असन, त्याले अॅडमिन-अॅडमिन चालते. पांढरं पान कंपनीचं, त्याले स्टिकरवालाच पासवर्ड लागते.
आन नेटचं येणंजाणं तेच. लॅपटॉपनं बाहेर जायसाठी काळ्याले धरलं की काळ्याच्या पुढं रस्ताच नाही, त्याचं बाहेरचं भोक रिकामं आहे. काही वेळानं परत विचारते, पांढरा सापडला की नेट आलं. तुमच्या प्रमेयाचा त्यात काही दोष नाही.
खात्री करायची तर लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडा, एआरपी, मग जागा सोडून डॅश ए टाका. १९२.१६८.१.१ च्या पुढं बारा अक्षरं-आकड्यांचा मॅक पत्ता येईल, म्हणजे त्या डब्याची स्वतःची ओळख. तो कोणत्या डब्याच्या स्टिकरशी जुळते ते पाहा, शेवटचं एखादं अक्षर इकडंतिकडं चालते.

निवृत्त_लाइनवाला | १०.४०
वायर, दोन आया वाचून चहा सांडला माझा. पण निदान शंभर टक्के बरोबर.

धंतोलीकर | ११.०२
मधात घुसतो, माफी. माझ्या दुकानाच्या कॅमेऱ्याचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) घरून पाहायचा आहे. पोर्ट फॉरवर्ड केलं, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला डीव्हीआरकडे धाडायची सेटिंग, सगळं बरोबर आहे तरी बाहेरून उघडत नाही. तिथंही फायबरच आहे.

वऱ्हाडी_वायर | ११.१०
भाऊ, राऊटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे त्याचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, पाहा, १०० नं सुरू होते का?

धंतोलीकर | ११.१६
हो, १०० आणि मग ७२ का काही.

वऱ्हाडी_वायर | ११.२२
मग कितीही पोर्ट उघडा, काही होत नाही. १००.६४ ते १००.१२७ हे पत्ते कंपन्या आपल्या आतल्या वापराले घेतात, एका खऱ्या पत्त्यामागं कितीतरी घरं बसवलेली असतात. बाहेरून येणारा तुमच्या दारापर्यंत पोचतच नाही. एक तर कंपनीकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा कायमचा पत्ता, घ्या, पैसे लागतात. नाहीतर डीव्हीआरचं स्वतःचं क्लाउडवालं अॅप वापरा. आन डीव्हीआरचा पासवर्ड कारखान्यातलाच असन तर पहिले तो बदला. २०१६ साली मिराय नावाच्या संगणकी किड्यानं असलेच कॅमेरे, डीव्हीआर आन राऊटर लाखांनी धरले होते, आन हत्यार काय, तर साठेक ठरलेल्या पासवर्डची यादी. बाकी तुमचं वेगळा धागा काढून विचारा, इथं ताईचं चालू आहे.

संत्राबर्फी | दुपारी १.५०
मंडळी, रडू का हसू. सकाळी धागा उघडा टाकून मी बाजारात गेले, भाचा आला होता, त्यानं फक्त तर्रीभाऊंचं पहिलंच उत्तर वाचलं आणि मावशीला सरप्राइज म्हणून पांढऱ्या डब्यात कानातल्याची काडी घालून तीस सेकंद दाबली. आता वायफायचं तिसरंच नाव दिसून राहिलं आणि नेट अजिबात नाही. सहाला बॅच आहे.

तर्री_पोहे | १.५८
अरे बाप्पा. ताई सॉरी. खरंच सॉरी. मी खामल्यात आहे, येऊ का?

वऱ्हाडी_वायर | २.०६
येऊन काय पोहे करशीन? बस तिथंच.
ताई, घाबरू नका. पांढऱ्यावर दिवे कोणते लागून आहेत ते सांगा. पॉन आन लॉस लिहिलेले दोन असतील.

संत्राबर्फी | २.१५
पॉन हिरवा, स्थिर. लॉस बंद. इंटरनेट लिहिलेला बंद.

वऱ्हाडी_वायर | २.२४
मस्त. लॉस लाल असता तर काचेच्या वायरीतून उजेडच येत नाही असा अर्थ, मग रस्ता खोदणारे नाहीतर संक्रांतीनंतरचा मांजा, कोणी ना कोणी वायर तोडलेली असते आन माणूस बोलवाच लागते. तुमची वायर ठीक आहे, फक्त डब्याचं डोकं कोरं झालं. काही कंपन्या सेटिंग लांबूनच परत भरतात, तर वीस-पंचवीस मिनिटं डबा चालू ठेवून पाहा. नाही आलं तर मात्र हातानं.
तोवर काळ्याची वायर काढून ठेवा, दोन आयांची भानगड आता नको.

संत्राबर्फी | ३.०१
वाट पाहिली, काही नाही. फोनवरून पान उघडून पाहते तर 'साइट मिळाली नाही'. एकदा तर १९२.१६८.१.१ म्हणजे काय याची माहितीच दाखवून राहिला गूगल.

मनीषनगरची_मिनू | ३.०७
ताई मोबाइल डेटा बंद करा आधी! वायफायला नेट नाही म्हटल्यावर फोन गुपचूप सिमवर जातो, आणि सिमच्या नेटवर तुमचा राऊटर कुठून सापडणार. आणि आकडे वरच्या पत्त्याच्या पट्टीत टाका, आधी एचटीटीपी, मग कोलन आणि दोन तिरप्या रेघा. एचटीटीपीएस नको. मधातच 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं लाल पान आलं तरी घाबरू नका, घरच्या डब्याकडं कोणाचं सर्टिफिकेट नसते, 'प्रगत' वर दाबून पुढं जायचं. बँकेच्या साइटवर असं कधी करायचं नाही, हे फक्त घरच्या डब्यासाठी. माझे दोन रविवार गेले होते या भानगडीत.

संत्राबर्फी | ३.१९
उघडलं!! पांढरं पान. स्टिकरवरचा पासवर्ड लागला, आत आले. वॅन लिहिलेलं पान पूर्ण रिकामं आहे. ड्रॉपडाऊनमध्ये डीएचसीपी, स्टॅटिक, पीपीपीओई. काय निवडू?

निवृत्त_लाइनवाला | ३.३५
हे माझ्या खात्यातलं काम. ताई, तुमच्या कंपनीच्या पहिल्या मेसेजमध्ये किंवा बिलावर यूजर आयडी असेल तर बहुतेक पीपीपीओई असणार. तरी अंदाजानं काही भरू नका, कस्टमर केअरला फोन लावा. पण 'नेट चालत नाही' असं म्हणायचं नाही, नाहीतर तो 'डबा बंद करून चालू करा' वर फोन ठेवून मोकळा. सरळ म्हणा, 'ओएनटी रीसेट झालाय, मला पीपीपीओईचा यूजर आयडी, पासवर्ड आणि व्हीलॅन नंबर द्या.' ओएनटी म्हणजे तुमचा तो पांढरा डबा. ओएनटी, पीपीपीओई, व्हीलॅन, हे तीन शब्द ऐकले की तो तुम्हाला जाणकार समजतो. व्हीलॅन नंबर प्रत्येक कंपनीचा, कधी कधी भागाचाही वेगळा असतो, इथला कोणी आपला सांगेल तो टाकू नका. एमटीयू, म्हणजे एका खेपेत जाणाऱ्या डेटाचं कमाल माप, विचारलं तर १४९२, ते ठरलेलं आहे, कारण साध्या १५०० मधले आठ बाइट पीपीपीओई स्वतःच्या वेष्टनाला खातं.
हे वेष्टन कुठून आलं तेही सांगतो, तुमचा फोन लागेपर्यंत. १५ ऑगस्ट १९९५ ला आपल्याकडे लोकांसाठी इंटरनेट सुरू झालं तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरून डायल करून घ्यायचं. मोडेम चिरकायचा, मग नाव-पासवर्ड विचारायचा, आणि घरचा फोन तेवढा वेळ बंद. त्या गप्पांची जी पद्धत, पीपीपी, तीच पुढं १९९९ मध्ये इथरनेटच्या तारेवर चढवली, म्हणून नावात ओई. तार गेली, मोडेमची चिरक गेली, काचेतून उजेड यायला लागला, तरी डबा अजून पूर्वीसारखाच आधी नाव-पासवर्ड सांगूनच आत शिरतो. काही राऊटरच्या पानावर 'डायल ऑन डिमांड' लिहिलेलं दिसेल, ते त्याच काळातलं उरलेलं.

तर्री_पोहे | ३.४४
काका हे भारी होतं. मले वाटे डायल म्हणजे काही बटन आहे.

संत्राबर्फी | ४.३७
लागला फोन, चौथ्यांदा. काकांचे तीन शब्द जसेच्या तसे म्हटले, पलीकडची मुलगी एकदम 'हो मॅडम, लिहून घ्या'. यूजर आयडी, व्हीलॅन, पासवर्ड सगळं दिलं. भरलं. सेव्ह केलं. 'ऑथेंटिकेशन फेल'. तीनदा भरलं, तीनदा फेल.

वऱ्हाडी_वायर | ४.४२
पासवर्डमध्ये ओ आहे का कुठं?

संत्राबर्फी | ४.४४
आहे, मधात एक ओ. मोठा ओ म्हणाली.

वऱ्हाडी_वायर | ४.४५
शून्य टाकून पाहा.

संत्राबर्फी | ४.४९
लागलं!!!!! इंटरनेटचा दिवा हिरवा!! शून्यच होता. सासूबाई देवापुढं साखर ठेवून आल्या.

निवृत्त_लाइनवाला | ४.५२
तीस वर्षं नोकरी केली, निम्म्या तक्रारी शून्य आणि ओच्याच होत्या.

वऱ्हाडी_वायर | ५.०३
आता उठू नका, आत आहातच तर इतकं करूनच घ्या. एक, ते नाव, आयडी, व्हीलॅन, पासवर्ड कागदावर लिहून डब्याच्या बाजूले चिकटवू नका, वहीत ठेवा. पानाचा फोटो काढून ठेवला तरी चालन. दोन, लॉगिनचा पासवर्ड बदला, वायफायचा वेगळा आन हा वेगळा. तीन, वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए टू, एईएसवाली. थ्री असन तर टू-थ्री मिसळ ठेवा, नुसती थ्री ठेवली तर जुन्या फोनले ते वायफाय लागतच नाही. चार, डब्ल्यूपीएस, म्हणजे बटन नाहीतर पिननं जोडायची सोय, बंद. पाच, बाहेरून लॉगिन करायची सोय चालू असन तर बंद.
मॅक फिल्टरच्या, म्हणजे ठरावीक मॅक पत्त्यांनाच आत घ्यायच्या नादी लागू नका. २०१९ नंतरचे अँड्रॉइड फोन आपला मॅक खोटा दाखवतात, घरचेच लोक अडकून बसतात आन परत तुम्हीच शिव्या खाता.
आन आता काळा. तो एकटा लॅपटॉपले जोडा, पांढऱ्याची वायर काढूनच ठेवा. निळं पान उघडा. लॅन पानावर त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा. सेव्ह केल्यावर पान लटकन, घाबरू नका, पत्ता बदलला म्हणून. नव्या पत्त्यावर परत शिरा आन डीएचसीपी, म्हणजे यंत्रांले पत्ते वाटायचं काम, बंद करा. मग पांढऱ्याची वायर परत त्याच चारांपैकी एका भोकात. तुटक्या क्लिपच्या भोकाची गरजच नाही, भाच्यानं चुकून बरोबर केलं होतं, फक्त अर्धंच.

संत्राबर्फी | ५.४८
केलं. दोन्ही पानं आपापल्या पत्त्यावर उघडून राहिली. बॅचला बारा मिनिटं. आशीर्वाद द्या.

संत्राबर्फी | शनिवार, सकाळी ७.३०
काल दीड तास बॅच झाली, एकदाही गेलं नाही. एका पोरानं तर विचारलं, 'मॅडम आज तुम्ही अडकून नाही राहिल्या?'
एकच राहिलं. मागच्या खोलीत लॅपटॉप वायरीवर आहे म्हणून ठीक, पण तिथं फोनला रेंज फार कमी येते. काळा राऊटर आहे की तिथंच.

मनीषनगरची_मिनू | ७.५२
कूलर कुठं आहे?

संत्राबर्फी | ७.५५
खिडकीत. काळा राऊटर कूलरच्याच मागं, खिडकीच्या कठड्यावर. तिथं सॉकेट आहे म्हणून.

मनीषनगरची_मिनू | ८.०४
ताई!! पत्र्याचा डबा, आत पाण्याची टाकी आणि ओला वाळा, याच्यामागं राऊटर ठेवला तर लाटा कुठून येतील बिचाऱ्या. पत्रा अडवते, पाणी शोषून घेते. वर बाहेर पंचेचाळीस डिग्री, त्या कठड्यावर डबा भाजून निघत असेल, आणि तुषार उडाले की अॅडॉप्टर गेला. एक्स्टेंशन घ्या आणि आतल्या भिंतीवर, डोक्याच्या वर टांगा. २.४ गिगाहर्ट्झवाल्या वायफायला चॅनेल १, ६ किंवा ११ यातला मोकळा द्या, ऑटोवर सोडलं तर तुमचे दोन्ही डबे एकाच चॅनेलवर भांडू शकतात. पांढऱ्याला १ असेल तर काळ्याला ६ द्या.

तर्री_पोहे | ८.१५
माझाबी कूलरवरच ठेवून आहे. म्हणून का बे महिन्यातून एकदा रीसेट मारा लागते मले?

वऱ्हाडी_वायर | ८.१७
उचल पहिले तिथून.

संत्राबर्फी | ८.५८
टांगला. चार काड्या आल्या फोनवर.
आता खरी गंमत. परवा रात्री जोडलेल्या यंत्रांची यादी पाहिली होती पासवर्ड बदलायच्या आधी, आम्ही घरात चार माणसं, दोन लॅपटॉप, एक टीव्ही, आणि यादीत सतरा. आत्ता पाहिली तर आठ. आणि आत्ताच खालच्या माळ्यावरच्या काकू वर आल्या होत्या, वाटीत कैरीचं लोणचं घेऊन. म्हणे 'तुमचं नेट काल रात्रीपासून बंद आहे का गं? आमच्या यांचं कीर्तन लागत नाही टीव्हीवर.'

निवृत्त_लाइनवाला | ९.०६
लोणचं घेतलं का?

संत्राबर्फी | ९.०९
घेतलं हो. म्हणून तर विचारून राहिली, कीर्तनापुरतं देता येते का काही? सगळ्यांना परत खुलं नाही करायचं.

मनीषनगरची_मिनू | ९.१६
पांढऱ्याच्या पानावर गेस्ट नेटवर्क असेल. वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, आणि 'आतली यंत्रं दिसू देऊ नका' वर खूण करा. स्पीडची मर्यादा टाकायची सोय असेल तर चार-पाच एमबीपीएस टाका, कीर्तनाला पुरते.

वऱ्हाडी_वायर | ९.१८
आन पासवर्ड मोबाइल नंबर नको ताई. काकूंचाबी नको.

संत्राबर्फी | ९.३१
दिलं. कीर्तनाचा आवाज वर येऊन राहिला आता.